हळदीचा सोयरा, अळिंबीचा वैरी



सोयाबीन निघालं, हळद रानात उभी आहे, रात्री पांघरूण लागायलंय. आपल्या वसमतकडं ह्या दिवसांत आता घरोघरी एक नवीन काम दिसतं. बाया धिंगरी अळिंबीच्या पिशव्या भरायल्यात. कुणी गटातून, कुणी घरचं खायला म्हणून. ह्या आठ दिवसांत मला पाच जणांनी फोटो पाठवले. प्रश्न सगळ्यांचा एकच, "पिशवीला बुरशी लागली, टाकून देऊ का?"

पाचातल्या तीन पिशव्या ठणठणीत होत्या. दोनमध्ये खरंच गडबड होती, अन् त्यातल्या एकाचं म्हणणं होतं, "थोडं हिरवं आहे, पण ते चांगलंच असतं ना?" म्हणून आजची नोंद जरा लांब लिहितो. बसून वाचा.

आधी शब्दाचा घोळ काढू. आपल्या कानाला बुरशी म्हणजे नुकसान. पावसात भिजलेल्या सोयाबीनला बुरशी, वाळत घातलेल्या हळदीला बुरशी, शिळ्या भाकरीला बुरशी. पण अळिंबी ही स्वतःच बुरशी आहे. आंब्याचं झाड अन् आंबा, तसं हे. आपण खातो ती छत्री म्हणजे फळ, अन् पिशवीत पसरतं ते पांढरं जाळं म्हणजे झाड. त्याला मायसेलियम म्हणतात, काही पुस्तकांत कवकजाल लिहितात. आपण बियाणं म्हणून जे स्पॉन आणतो ते गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यावर वाढवलेलं हेच जाळं असतं. म्हणजे पिशवी पांढरी होणं हा रोग नाही, ती उगवण आहे. पेरलेलं उगवलं तर आपण कुणी घाबरतो का?

पण गोष्ट इथंच संपत नाही, कारण वाईट बुरशीसुद्धा पहिले दोन-तीन दिवस पांढरीच असते. खरी अडचण तिथं आहे.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या एका बाईनं बचत गटाचं कर्ज उचलून वीस पिशव्या भरल्या. नाव लिहीत नाही, तिनं लिहू दिलं तेवढंच लिहितो. सहाव्या-सातव्या दिवशी सासूनं खोलीत डोकावून बघितलं. सात पिशव्या पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. म्हातारीनं जन्मभर बुरशी म्हणजे नासाडीच बघितलेली. तिनं त्या सातही उचलून उकिरड्यावर टाकल्या. तीन पिशव्यांत तळाशी हिरवं दिसत होतं. त्या मात्र ठेवल्या, कारण नवरा म्हणला, "हिरवं हाय ते ट्रायकोडर्मा हाय. आपण हळदीला घालतो तेच. असू दे, उलट बरं."

तो ट्रायकोडर्माच होता, नवऱ्यानं ओळख बरोबर काढली. पण हळदीच्या रानात जो सोयरा, तो अळिंबीच्या खोलीत वैरी. पुढच्या दहा-बारा दिवसांत उरलेल्या दहापैकी सहा पिशव्या हिरव्या झाल्या. विसात चार राहिल्या. अन् उकिरड्यावर टाकलेल्या पिशव्यांतून आठ-पंधरा दिवसांनी चांगल्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या फुटल्या. तिथं कोंबड्या अन् कुत्री हिंडतात, घरातली घाण पडते, त्यामुळं त्या खाता येत नव्हत्या अन् विकता तर नव्हत्याच. ती बाई मला म्हणली, "काका, हप्ता उकिरड्यावर उगवलाय बघा." हसत म्हणली, पण हप्ता तिला शेळी विकून भरावा लागला.

त्या घरात अक्कल कमी होती असं मुळीच नाही. दोघांनीही आपापल्या अनुभवानं बघितलं. म्हातारीचा अनुभव भाकरीचा, नवऱ्याचा अनुभव हळदीचा. पिशवीचा अनुभव कुणाला नव्हता. तो नुसत्या रंगावरून येत नाही.

आता आमच्या घरी काय करतो ते सांगतो. आमच्या सूनबाईनं रीतसर प्रशिक्षण घेतलंय. मी तिचा गडी. जुन्या माळवदाच्या घरातली मागची खोली ह्या कामाला दिलीय. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, त्यामुळं बाहेर ऊन असलं तरी आत गारवा राहतो. दोरीला पिशव्या टांगलेल्या आहेत. रोज सकाळी ती आत जाते अन् मी दारात उभा राहून वहीत लिहितो. कोणती पिशवी, कितवा दिवस, काय दिसलं. दहावी पास माणसाला एवढं जमतं.

निरोगी पिशवी दिवसागणिक अशी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येक दाण्याभोवती बारीक पांढरी लव येते, जशी मोड आलेल्या मटकीला बारीक मुळी दिसते. पाचव्या ते सातव्या दिवशी दाण्यापासून चारी बाजूंनी रुपयाएवढे गोल होतात. दहाव्या-बाराव्या दिवशी हे गोल एकमेकांना मिळतात. पंधरा ते वीस दिवसांत सगळी पिशवी पांढरी होते अन् आतलं भुसकट एकमेकांत विणलं जाऊन विटेसारखं घट्ट होतं. वरून टिचकी मारली तर भरीव लागतं. ही गती 22 ते 28 अंश तापमानाची. पौषातल्या कडक थंडीत हेच काम पंचवीस-तीस दिवस घेतं. म्हणून उशीर झाला की लगेच बियाणं खराब म्हणू नका, आधी खोलीचं तापमान बघा.

ओळखायच्या चार गोष्टी आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्यात.

पहिली, सुरुवात कुठून झाली. चांगलं जाळं दाण्यापासून निघतं. जिथं दाणा नाही तिथंच मधी पांढरा डाग पडला, तळाला पाणी साचलंय तिथं पडला, गाठीजवळ किंवा भोकाच्या तोंडाशी पडला, तर संशय घ्या.

दुसरी, कड कशी आहे. चांगल्या जाळ्याची कड झाडाच्या मुळीसारखी फाटे फुटत पुढं सरकते, दोऱ्यासारखे तंतू दिसतात, अन् मागचा भाग पांढराच राहतो. वाईट बुरशीचं उलट. ती पुढं पांढरी राहते अन् मागून, म्हणजे मधून, रंग धरते. हिरवा ठिपका अन् भोवती पांढरी कड दिसली तर दुसरं काही तपासत बसू नका.

तिसरी, पकड. चांगलं जाळं भुसकटाला घट्ट धरून असतं. वाईट बुरशी पिकली की तिची पूड होते. शंका असेल तर पिशवी खोलीबाहेर नेऊन डागावर कापसाचा ओला बोळा हलका टेकवा. बोळ्याला हिरवी किंवा काळी पूड आली तर ते बीजाणू. बोळा नंतर जाळून टाका, अन् हात धुतल्याशिवाय परत आत जाऊ नका.

चौथी, वास. चांगल्या पिशवीला ताज्या अळिंबीचा वास येतो, पहिल्या पावसात भिजलेल्या लाकडासारखा. आंबट, नासक्या पाण्यासारखा किंवा बंद पेटीतल्या जुन्या कपड्यासारखा वास आला तर काहीतरी चुकलंय. पण रंगीत डागाला नाक लावून वास घेऊ नका. ते बीजाणू छातीत जातात. दम्याच्या माणसानं तर लांबच राहावं.

आता पहिल्या दोन-तीन दिवसांचा प्रश्न. वाईट बुरशी तेव्हा पांढरी असते, मग ओळखायची कशी? ह्यावर सूनबाईनं साधा उपाय काढलाय. ज्या पांढऱ्या डागाची शंका येईल त्याच्या कडेनं प्लास्टिकवर पेननं गोल काढायचा अन् तारीख टाकायची. दुसऱ्या दिवशी बघायचं. ट्रायकोडर्मा लई पळतो. चोवीस तासांत गोलाच्या बरंच बाहेर जातो, दाट चुन्याचा शिंतोडा उडाल्यासारखा दिसतो, अन् तीन-चार दिवसांत मधून हिरवा होतो. धिंगरीचं जाळं रोज थोडं थोडं, सारख्या चालीनं सरकतं अन् पांढरंच राहतं. एका दिवसाचा फोटो बघून मी काय, कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. दोन दिवसांचे दोन फोटो असले की बरंचसं कळतं.

रंगांचं थोडक्यात सांगतो. गडद हिरवा बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा. निळसर हिरवा, पुडीसारखा असला तर पेनिसिलियम. काळी पूड म्हणजे अॅस्परजिलस नायगर, कांद्याच्या सालीवर काळी पूड दिसते तीच. पिवळसर हिरवा असला तर अॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकतो. भुईमुगात अन् मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करणारी हीच बुरशी, म्हणून त्याच्याशी खेळ नको. नारिंगी, पिठासारखी, एका रात्रीत फुगून बाहेर येणारी बुरशी न्यूरोस्पोरा. ती दिसली की पिशवी फडक्यात गुंडाळून ताबडतोब बाहेर काढा, कारण तिची पूड वाऱ्यावर घरभर होते. राखाडी लांब केस अन् टोकाला काळे ठिपके, हे भाकरीवरच्या बुरशीचे भाऊबंद. अन् भुसकट काळपट, चिकट, घाण वासाचं झालं तर ती बुरशी नाही, जिवाणूंची सड आहे. पाणी जास्त झालंय.

कधी कधी पिशवीतून बारीक लांबट छत्र्या येतात अन् एका दिवसात काळ्या शाईसारख्या विरघळतात. ती कोप्रिनस. धिंगरी नाही, खाऊ नका. भुसकट नीट निर्जंतुक झालं नाही किंवा ओलं राहून त्यात अमोनियाचा वास धरला की ती येते.

आता ज्याला लोक उगाच घाबरतात ते. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर तो घाम आहे. पांढऱ्या जाळ्यावर पिवळट किंवा तपकिरी थेंब दिसले तर जाळ्यानं स्वतः सोडलेलं पाणी असतं. उष्णता वाढली किंवा दुसऱ्या जंतूशी झुंज चालू असली की ते येतं. थोडं असलं तर चालतं, रोज वाढत गेलं तर लक्ष ठेवा. भोकांपाशी कापसासारखं फुगलेलं पांढरं दिसलं तर हवा कमी पडायलीय, खोलीत हवा खेळू द्या. अन् जाळ्यावर गव्हाच्या दाण्याएवढ्या गाठी आल्या तर देवाचं नाव घ्या, ती छत्र्यांची सुरुवात आहे. ह्या गाठींना रोग समजून खरडून काढलेली पिशवीसुद्धा मी बघितलीय.

आता सोयरा अन् वैरी ह्याचं कारण सांगतो, कारण ते कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप पाळल्या जातात.

वसमतची हळद 2024 मध्ये भौगोलिक मानांकनात गेली. आपल्या घरात हळद आहे म्हणून कंदकूज आहे, अन् कंदकूज आहे म्हणून ट्रायकोडर्मा आहे. एकरी दोन-अडीच किलो ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळून आपण टाकतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स बरेच जण आणतात, त्यातही तो असतो. तो काम कसं करतो? दुसऱ्या बुरशीच्या तंतूला वेटोळं घालतो, तिची भिंत विरघळवणारी विकरं सोडतो अन् आतला रस खातो. शिवाय इतका झपाट्यानं वाढतो की दुसऱ्याला जागाच ठेवत नाही. रानात हे आपल्या कामाचं, कारण तिथं कंद कुजवणारे पिथियम, फ्युजेरियम असले रोगजंतू त्याच्या तावडीत सापडतात.

पिशवीत मात्र त्याला सापडते आपलीच धिंगरी. बुरशी खाणाऱ्याला बुरशीच मिळाली, तो खाणारच. त्याला धिंगरी शेतकऱ्याच्या फायद्याची आहे हे कळत नाही, अन् पिथियम तोट्याचा आहे हेही कळत नाही. मित्र अन् शत्रू हे हिशोब आपले आहेत.

अन् हा त्रास काही आपल्या एकट्या खोलीतला नाही. 1985 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये बटन अळिंबीच्या मोठमोठ्या शेडमध्ये हिरव्या बुरशीचा असाच उद्रेक झाला. पुढं 1990 नंतर अमेरिका, कॅनडातल्या उत्पादकांनाही त्यानं झोडपलं. अभ्यास करता करता ती ट्रायकोडर्माचीच एक वेगळी जात निघाली अन् 2002 मध्ये तिला ट्रायकोडर्मा अॅग्रेसिव्हम असं नाव दिलं गेलं. धिंगरीवर येणाऱ्या वेगळ्या जाती कोरिया, हंगेरी, इटली ह्या देशांत सापडल्यात. यंत्रं अन् वातानुकूलन असलेल्यांनासुद्धा हा पाहुणा चुकला नाही, तर आपल्या माळवदात तो येणार हे धरूनच चालायचं.

आपल्याकडं तर त्याला वाट मोकळी आहे. आपण त्याची पुडी विकत आणतो, हातानं शेणखतात कालवतो, त्याच कपड्यांनी घरात येतो अन् त्याच हातानं दार उघडतो. म्हणून आमच्या घरी तीन नियम आहेत. ट्रायकोडर्मा अन् बायोमिक्स आखाड्यावर ठेवायचं, घरात नाही. ज्या दिवशी ते कालवायचं किंवा आळवणी करायची, त्या दिवशी खोलीचं काम आधी उरकायचं, रानाचं नंतर. अन् रानातून आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. मी मालक असलो तरी नाही. सूनबाई दारातच थांबवते, "मामा, तिथंच थांबा." मी थांबतो.

ज्यांना हे अतीच वाटतं त्यांनी बांधावरचं वारूळ आठवावं. पावसाळ्यात काही वारुळांवर छत्र्या येतात. काही जातीची वाळवी वारुळात पालापाचोळा नेऊन त्यावर स्वतःची बुरशी पिकवते, ती तिचा मळा. वाळवी जिवंत असेपर्यंत त्या मळ्यात दुसरी बुरशी डोकं वर काढत नाही. वाळवी वारूळ सोडून गेली की थोड्याच दिवसांत तिथं दुसऱ्याच बुरशीचं रान माजतं. म्हणजे एवढासा किडा रोज निंदणी करतो म्हणून त्याचा मळा टिकतो. आपली खोलीही तशीच. औषधानं कमी, रोजच्या नजरेनं जास्त टिकते.

नजरेच्या आधी भरतानाची काळजी. भुसकट यंदाचं, कोरडं अन् पावसात न भिजलेलं घ्या. गंजीच्या तळातलं काळं पडलेलं घेऊ नका, त्यात बुरशी आधीच घर करून बसलेली असते. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं भरपूर आहे, गव्हाचा भुसा त्यात मिसळला तरी चालतो. रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, मग 80 अंशाच्या गरम पाण्यात एक तास ठेवा. आमच्याकडं हळद शिजवायची जुनी कढई आहे, ती स्वच्छ घासून वापरतो. हाताला चटका बसला म्हणजे 80 अंश झाले असं नसतं. थर्मामीटर घ्या, एका पिशवीच्या उत्पन्नात त्याचे पैसे निघतात. पुस्तकात दुसरी पद्धतही आहे. 100 लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम अन् 125 मिली फॉर्मॅलिन टाकून त्यात सोळा ते अठरा तास भुसकट बुडवून ठेवायचं. त्या मात्रेत ट्रायकोडर्मा दबतो अन् धिंगरी तग धरते, म्हणून ती चालते. पण फॉर्मॅलिनच्या वाफा डोळ्याला अन् छातीला वाईट, घरात लेकरं असतात. घरच्यासाठी गरम पाणीच बरं.

भरायच्या वेळी मूठ दाबून बघा. मुठीत घट्ट दाबलं तर तळहात ओला झाला पाहिजे पण पाणी टपकता कामा नये. हिरव्या बुरशीला जास्तीचं पाणी फार आवडतं. उकिरड्याची कथा झाली त्या घरात तिन्ही हिरव्या पिशव्या तळाशी ओल्याचिंब होत्या, हे लक्षात ठेवा. स्पॉन ओल्या भुसकटाच्या दोन टक्के, म्हणजे 10 किलोला 200 ग्रॅम. हात आखडू नका. बी कमी पडलं की जागा मोकळी राहते, अन् मोकळी जागा कुणीतरी भरतंच, जसं विरळ पिकात तण. स्पॉनची पिशवी घेतानाच उजेडात धरून बघा. सगळे दाणे पांढरे, सुटे अन् ताज्या वासाचे पाहिजेत. एक जरी दाणा हिरवा किंवा काळा दिसला तर परत करा. पॅकिंगची तारीख बघा. आपल्या जिल्ह्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं केंद्र आहे. पैसे घालण्याआधी अशा ठिकाणी एकदा विचारावं.

एवढं करूनही एखादी पिशवी जातेच. मग काय करायचं? डाग एकच असेल, भोकापाशी असेल, रुपयापेक्षा लहान असेल अन् बाकी पिशवी पांढरी असेल, तर ती वेगळ्या जागी न्या. डागावर अन् भोवती बोटभर जागेत विझवलेल्या चुन्याची ओलसर लगदी लावा अन् रोज बघा. धिंगरी जोरात असेल तर कधी कधी ती डाग झाकून टाकते. डाग दोन ठिकाणी असेल किंवा आत खोलवर गेला असेल तर लोभ सोडा. पिशवी उघडू नका, झटकू नका. वरून मोठी पिशवी चढवा, गाठ मारा, घरापासून लांब खड्ड्यात आतलं भुसकट टाकून मातीनं झाका अन् प्लास्टिक वेगळं काढा. अशा पिशवीवर उशिरा छत्र्या आल्या तरी खाऊ नका.

काही जण विचारतात, हिरवी पिशवी थेट हळदीला टाकली तर पुडीचा खर्च वाचेल का? नाही. पुडीतला ट्रायकोडर्मा निवडलेला अन् तपासलेला असतो. पिशवीतला कोणत्या जातीचा, त्याच्यासोबत आणखी काय काय आलंय, हे डोळ्याला दिसत नाही. वाटेल तो गोऱ्हा वळू म्हणून सोडत नाहीत. खड्ड्यात पूर्ण कुजू द्या, खत झालं की टाका.

त्या बाईचं पुढं काय झालं, हे सांगायचं राहिलं. संक्रांतीनंतर तिनं पंधरा पिशव्या भरल्या, ह्यावेळी कर्ज न काढता. सासू रोज सकाळी पेन घेऊन खोलीत जायची अन् गोल काढायची. म्हातारीला अक्षर येत नाही, तारखेऐवजी ती रेघा मारायची, एक दिवस एक रेघ. दोन पिशव्यांत हिरवं दिसलं, ते तिनंच आधी पकडलं अन् दोन्ही बाहेर काढल्या. तेरा पिशव्या तीन तोडण्यांपर्यंत गेल्या. वाळलेल्या भुसकटाच्या एका किलोला 600 ते 800 ग्रॅम अळिंबी धरावी, तेवढी तिला पडली. यंदा तिनं तीस भरल्यात, अन् नवरा आखाड्यावरून आला की ओसरीत बसून हाका मारतो, आत जात नाही.

तर मंडळी, फोटो पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण सोबत पाच गोष्टी लिहा. पिशवी कोणत्या तारखेला भरली. डाग पहिल्यांदा कधी दिसला. तो दाण्यापाशी आहे, भोकापाशी आहे की तळाला. काल केवढा होता, आज केवढा आहे. अन् गेल्या आठ दिवसांत घरातल्या कुणी ट्रायकोडर्मा हाताळला का. ह्यातलं शेवटचं लपवू नका. अर्धी उत्तरं तिथंच असतात.

उद्या आमच्याकडं हळदीला पाणी आहे, लाईट रात्रीची आहे. फोन लागला नाही तर सकाळी दहानंतर करा.